मीठ वर, मधोमध

कांताबाई कासारे यांच्या घरात ताट वाढायचा एक कायदा होता. मीठ वर, मधोमध. चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, भात खाली, जेवणाऱ्याच्या पुढ्यात. चटणी सुकटीची असली तरी तिची जागा तीच. डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत भूक लागली की लोक मिळेल ते ताटात घेऊन दारात उभ्यानं जेवायचे, आणि या बाई पोटच्या मुलीलाही वाटी सरकवल्याबद्दल दटावायच्या. शेजारीपाजारी हसायचे. कांताबाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

त्यांची मुलगी माया मात्र हसत नसे, तिचं डोकं फिरायचं. माया कॉलेजात समाजशास्त्र शिकवते, बोलायला उभी राहिली की सभा गप्प होते. विशीत असताना तिने आईला सुनावलं होतं, "ज्यांनी आपल्याला दारात उभं केलं, त्यांची ताटं तू घरात मांडतेस?" कांताबाई वाढत राहिल्या. पुढे मायाने हे ताट व्याख्यानातही नेलं. 'माझ्या ओळखीची एक बाई' अशी सुरुवात करून गुलामी स्वयंपाकघरापर्यंत कशी झिरपते ते ती सांगायची. एकदा दादरच्या हॉलमध्ये कांताबाई दुसऱ्या रांगेत बसून ते ऐकत होत्या. टाळ्या पडल्या तेव्हा त्यांनीही वाजवल्या. खरं सांगायचं तर माया बाहेर जितकी हुशार, तितकीच घरात कच्ची. वीस-पंचवीस वर्षं ती त्या ताटावर बोलली, पण ते आलं कुठून, हे तिने एकदाही विचारलं नाही. येत्या रविवारी नायगावलाही तेच उदाहरण द्यायचं होतं.

त्याच आठवड्यात पाहुणे आले. साताऱ्याकडचे दौलतराव आणि त्यांची बायको शांताबाई. परळच्या हॉस्पिटलात कान दाखवायला म्हणून मुंबईत आले होते, आणि विचारत विचारत चाळीत पोचले. दौलतरावांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. "दवाखान्यातली ओळख," एवढंच कांताबाई म्हणाल्या. त्या पूर्वी कुठल्याशा हॉस्पिटलात आया होत्या, हे मायाला ठाऊक होतं, तेवढंच.

कांताबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून वाढायचं मायाकडे आलं. खुर्चीतून सूचना सुरूच होत्या. पाहुण्यांसमोरही हेच, म्हणून मायाची सटकली. ज्याला दिसत नाही त्याला काय फरक पडणार, असं मनाशी म्हणत तिने मुद्दाम मिठाच्या जागी लसणीची लाल चटणी वाढली.

दौलतरावांनी हात धुतला, बोटं सरळ ताटाच्या वरच्या कडेला नेली, चिमूट घेतली आणि आमटीत सोडली. पहिल्याच भुरक्याला असा ठसका लागला की शांताबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. पाणी पिऊन म्हातारा डोळे पुसत हसला.

"ताई, ह्ये ताट तुम्ही वाढलेलं न्हाय."

कांताबाईंनी डाव्या हाताने ताट नीट लावून दिलं, आणि मग जेवता जेवता दौलतरावच सांगू लागले.

एकाहत्तरचा डिसेंबर. मुंबईतल्या लष्करी हॉस्पिटलच्या खिडक्यांना काळा कागद लावलेला. सुरुंग फुटून डोळे गेलेले दौलतराव तेव्हा पंचविशीचे होते. सिस्टर चमच्याने भरवायला आली की ते दात घट्ट आवळून बसायचे. दोन दिवस पोटात काही नाही. तिसऱ्या दिवशी वीस वर्षांच्या एका आयाने त्यांचं बोट धरलं, ताटाच्या कडेवरून फिरवलं आणि सांगितलं, इथे मीठ, इथे चटणी, इथे भाजी, मी रोज हे असंच वाढणार. त्या दिवशी ते स्वतःच्या हाताने जेवले. वॉर्डात असे तिघे होते, तिघांनाही तिने दोन महिने तसंच वाढलं.

शांताबाईंनी पुस्ती जोडली, की त्यांच्या वडिलांनी आंधळ्याला मुलगी द्यायच्या आधी त्याला घरी जेवायला बसवलं होतं, आणि त्या दाराआडून बघत होत्या. "शीतसुद्धा सांडलं नाही यांनी. मी तिथंच हो म्हटलं."

"त्यानंतर मला कुणी घास भरवला न्हाय, ताई," दौलतराव म्हणाले. "पन्नास वर्सं झाली. एकदा सांगून जावं म्हणून आलो."

पाहुणे गेल्यावर माया आईच्या खुर्चीजवळ खाली बसली. ही रीत तू कुठे शिकलीस, असं तिने विचारलं, आयुष्यात पहिल्यांदा. कांताबाईंनी सांगितलं, त्या लहान असताना गिरगावात त्यांची आई एका इमारतीचा जिना झाडायची, तेव्हा एका घराच्या दारातून त्या पंगत बघायच्या. तसं ताट त्यांच्या वाट्याला कधी आलं नाही, पण कुठे काय असतं ते डोक्यात बसलं. आणि हॉस्पिटलात दौलतरावांनी वाढणारीचं नाव विचारलं होतं, जात नाही. परक्या माणसाने त्यांच्या हातचं ताट पहिल्यांदा खाल्लं ते तिथे. त्याचे उपकार आपणच मानतो, असंही त्या म्हणाल्या.

माया ज्याला गुलामी म्हणत होती, ते आईने दारात उभं राहून मिळवलं होतं आणि गरज असलेल्याला देऊन टाकलं होतं. त्याच ताटावर आपण वाढलो, या विचाराने तिचा ऊर भरून आला. लाजही वाटली, पण लाजेपेक्षा कृतज्ञताच जास्त होती.

"मला का नाही सांगितलंस गं? मी इतकं बोलले."

"तू बोललीस ते खोटं कुठे होतं? दारात उभी होतेच की मी."

मायाने आईचा प्लास्टरमधला हात मांडीवर घेतला. रविवारी हे सगळं सांगितलं तर चालेल का, असं तिने भीतभीतच विचारलं.

कांताबाई म्हणाल्या, "सांग. पण या वेळेला ओळखीची बाई नको म्हणूस. माझी आई म्हण."