मुकादमाच्या पिशवीतली कार्डं

खून-दरोडे पुष्कळ पाहिले. पण ज्या घटनेने माझं डोकं चक्रावलं आणि जी अजून मनातून जात नाही, ती एका एटीएम कार्डाची आहे.

उमरखेडकडच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. गावाबाहेर सरकारी वसतिगृहाचं बांधकाम चालू होतं. सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच खबऱ्याचा फोन आला: मुकादमाने एका मजूर बाईला चोर ठरवून सिमेंट ठेवायच्या खोलीत कोंडलंय. जाऊन पाहतो तर दार सताड उघडं आणि मुकादम बस म्हणाला म्हणून बाई आत आपली आपण बसलेली.

दोघांना ठाण्यात आणलं. मुकादमाला धाक कसला तो नाही. उलट फिर्याद घ्या म्हणून तोच मागे लागला. म्हणे, हिने माझ्या पिशवीतून कार्ड चोरलं, पैसे काढले. महिला शिपायासमोर बाईला विचारलं, तर ती सरळ कबूल झाली.

"हो साहेब, चोरलं."

"कोणाचं?"

"माह्यंच."

अरे बाबा! आपलंच कार्ड चोरलं, तर कलम कोणतं लावायचं? मी चहा मागवला आणि पहिल्यापासून विचारत गेलो. सरकारी कामावर मजुरी सरकारी दरानेच द्यावी लागते, म्हणून ठेकेदार तेवढी रक्कम बायांच्या खात्यात टाकायचा. कार्डं मात्र सगळी मुकादमाकडे, पिनही सगळ्या कार्डांना एकच, बायांनाही ठाऊक असलेला. तो पैसे काढून निम्मे बायांना द्यायचा, उरलेले ठेकेदाराकडे परत. वर मलाच समजावतो, सरकारी रेट बिलापुरता असतो, गावचा रेट वेगळा. हे तो इतक्या साधेपणाने सांगत होता की मला संतापच आला. बाईलाही ते मान्यच होतं. लेकीच्या बाळंतपणासाठी या वेळी पूर्ण पैसे हवे होते, एवढंच. तिला घोर निराळाच होता: चोर म्हणून नाव झालं तर कुठेच कामावर घेणार नाहीत.

तू चोर नाहीस, मी ठणकावून सांगितलं. "हे साऱ्यांसमोर सांगा," ती म्हणाली.

दोघांना घेऊन साईटवर गेलो, बायांना गोळा केलं, मोठं भाषण ठोकलं. मग ठाण्यात नाव न पाहताच जप्त केलेलं कार्ड पंचनाम्यासाठी पाकिटातून काढलं, नाव वाचलं आणि गारच पडलो. नाव दुसऱ्याच बाईचं होतं. वाचता येत नव्हतं आणि स्वतःचं कार्ड कधी हातात आलंच नव्हतं, म्हणून हिने पिशवीतलं भलतंच उचललेलं. म्हणजे खरोखर चोरी! ती मटकन खाली बसली. मुकादम माझ्याकडे पाहून हसला.

जिचं नाव वाचलं ती घमेलं ठेवून पुढे आली. आता ही आकांत करणार, असं वाटलं. तिने आधी विचारलं, पैसे पूर्ण निघाले काय? निघाले, पहिली कशीबशी बोलली.

"मंग राहू दे तुह्याजवळ. पोरीचं बाळंतपण होऊ दे. माहे मी तुह्या कार्डातून घेतो." मग ती माझ्याकडे वळली. "लिहून घ्या साहेब, तक्रार माही आहे. तिच्यावर नाही, याच्यावर."

मुकादमाचं हसू मावळलं. एकेक करून बाकीच्याही जबाब द्यायला उभ्या राहिल्या. गुन्हा दाखल झाला, ठेकेदारापर्यंत पोचला. कामगार अधिकाऱ्यांनी कार्डं ज्यांची त्यांना वाटली.

त्या दिवशी चोरी झाली की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. कायद्याने पाहिलं तर झाली. पण जिचं गेलं तीच नाही म्हणाली, तिथे मी हो म्हणणारा कोण?