चांगलं इंजिन

वाशीत कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईहून नुकता आला होता, तेव्हा त्याच्या मागच्या रस्त्यावर मी पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज टाकलं. वय अठ्ठावीस. साताऱ्याकडून आलेला, एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सहा वर्षं फिटर म्हणून काढलेली. हात चांगला आहे असं लोक म्हणत, आणि ते मला जरा जास्तच पटलं होतं.

खाडीकाठच्या दिवाळे गावचे एक कोळी काका माझ्याकडे त्यांची पिकअप आणायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या गाड्यांपैकी ती एक. गोल नाक, मागे लाकडी फळ्यांचा हौदा आणि सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. काका साठीचे. मागे मासळीच्या पाट्या, शेजारी मावशी, म्हणजे त्यांची बायको, आणि चालवणार स्वतः. दुसऱ्याच्या हातात त्यांनी ती कधी दिली नव्हती.

एकदा गाडी चढाला ओढत नाही म्हणून ते आले. मी एकेका प्लगची वायर काढून पाहिली. चौथ्या सिलिंडरची काढली तरी इंजिनाच्या आवाजात फरक पडेना, म्हणजे तो मुळात चालतच नव्हता. तपासलं तर त्याचा व्हॉल्व्ह जळला होता. हेड उतरवून व्हॉल्व्ह बदलायचा, की झालं. दोन दिवसांचं काम. बाकी इंजिन ठणठणीत होतं.

मी सांगितलं, "काका, इंजिन संपलंय. डिझेलचं टाकूया."

खोटं का बोललो, ते सांगणं अवघड नाही. पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवताना मी कुर्ल्याला एकदा पाहिलं होतं, आणि तेव्हापासून मला ते स्वतः करून बघायचं होतं. बाजारातल्या टेम्पोवाल्यांसमोर ते जमवून दाखवलं असतं तर माझं नाव झालं असतं. त्यासाठी कोणाची तरी गाडी हवी होती.

मावशी तिथेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आवाज तर बरा हाय याचा. कशाला काढता?"

काकांनी त्यांना गप्प केलं. मिस्त्री तो आहे, तुला त्यातलं काय कळतं, म्हणाले. मी खाली बघत हात पुसत राहिलो.

ते तीन आठवडे मी भान हरपून काम केलं. अपघातात चेपलेल्या एका गाडीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आणलं. चेनकप्पीने जुनं उचललं, चासीवर नवे माउंटिंग वेल्ड केले, गिअरबॉक्सला जुळेल अशी जाड प्लेट कापून घेतली. पहिल्यांदा इंजिन धडधडलं तेव्हा शेजारचे गॅरेजवाले बघायला आले. काकांनी जुन्या इंजिनाचं काय करायचं विचारलं, तर मी म्हटलं, आता ते भंगारच. आणि खरंच भंगारवाल्याला देऊन टाकलं.

नवं इंजिन वजनाला फार जड होतं. पुढचे कमानपाटे दबले आणि स्टेअरिंग जड झालं. काकांचा उजवा खांदा होडी ओढताना कधीतरी दुखावलेला होता, हे मला माहीत होतं. सवय होईल, मी म्हटलं.

दोन महिन्यांनी, गावात शिरायच्या वळणावर, काकांना स्टेअरिंग वेळेवर फिरवता आलं नाही. गाडी उतरून खाडीच्या चिखलात गेली. काकांना काही झालं नाही. मावशींचं मनगट मोडलं.

मी भेटायला गेलो, तेव्हा घरात जमलेल्या नातेवाइकांपैकी कोणीतरी इंजिनाचा विषय काढला. काकांनी त्याचं बोलणं तोडलं. "मिस्त्रीचा काय दोष? माजाच हात गेला आता." त्यानंतर गाडी जावई चालवू लागला. मी चहा प्यालो आणि आलो.

गॅरेज मात्र धावायला लागलं. टेम्पोवाले येऊन म्हणत, त्या कोळ्याच्या गाडीचं केलंस तसं कर. दर वेळी मला तो जळलेला व्हॉल्व्ह आठवे. तरी मी काम घेई.

सांगायला मला पाच वर्षं लागली. एका दुपारी दिवाळ्याला गेलो. काका ओट्यावर जाळं विणत होते. मी सगळं सांगितलं: व्हॉल्व्ह, दोन दिवसांचं काम, माझी हौस. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी मावशींना हाक मारली आणि मला म्हणाले, "हिला सांग. मी गप केलेला हिला."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं. मावशींचं मनगट वाकडं बसलं होतं. ते त्या दुसऱ्या हाताने धरून उभ्या होत्या.

"तवाच बोलला असतास," त्या म्हणाल्या, "तर यांनी गाडी सोडली नसती. गाडी सोडली आनि हे असे बसून राहिले."

मनगटाबद्दल त्या अक्षरही बोलल्या नाहीत. तसलंच पेट्रोल इंजिन शोधून बसवून देतो, असं मी म्हटलं. काकांनी नकारार्थी मान हलवली. आता कोण चालवणार, असं काहीसं पुटपुटले आणि पुन्हा जाळं हातात घेतलं. मला कोणी बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. थोडा वेळ उभा राहून मी निघालो.

त्यानंतर ती गाडी माझ्याकडे आली नाही. जावई ती पनवेलला कोणाकडे तरी नेतो, असं ऐकलं. काका वारल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. जायला हवं होतं. दोनदा निघायचं म्हणून शेडला कुलूपही लावलं, पण त्या ओट्यासमोर पुन्हा उभं राहायचं धाडस झालं नाही.