नोनीला नको असलेली परवानगी

आमच्या गावात बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानायला कुणी विसरले, तर त्याच्या आईने काय वळण लावले, असे विचारले जाते. याच गोड सवयीपायी आमची टेकडी हातची जायची वेळ आली होती. आठवले की अजून माझे डोके तापते.

नोनी कलटन माझ्या वर्गातली. नन्सच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे तिने लोण्याच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवली, मुलांना एकेक करून परदेशी धाडले, नवऱ्याला पोचवले. पत्ते खेळताना ती लबाडी करते, हे मी तिच्या तोंडावर सांगते. टेकडीच्या पायथ्याची जमीन तिच्या वडिलांची. सरकारने जंगल लावायला घेतले तेव्हा त्यांनी जमीन विकली, वाट मात्र विकली नाही. "वाट गावाची आहे, ती मी कशी विकू?" असे ते म्हणाले होते.

आमच्याकडे रीत अशी, की लोक कुणाला न विचारता, कुणापासून न लपता पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने चालतात, ती वाट त्यांची. परवानगी घेऊन चाललात, तर तुम्ही पाहुणे. पाहुण्याला कधीही दार दाखवता येते.

जुलैच्या शेवटच्या रविवारी सगळे गाव टेकडीवर फ्रॉकन वेचायला जाते. हेदरच्या झुडपांखाली वाढणारी ही काळीनिळी फळे खाऊन जिभा जांभळ्या होतात. गेल्या वर्षी जंगल एका कंपनीने घेतले, आणि यंदा खालच्या फाटकापाशी पाटी लागली: 'पायी येणाऱ्यांचे स्वागत आहे.'

"स्वागत?" नोनी पाटीसमोरच थांबली. "माझ्या घरात शिरून मलाच म्हणतात, या बसा!"

"चांगलंच लिहिलंय की," आमच्या उत्सव समितीचा अध्यक्ष फिंटन डीगन म्हणाला. "उगाच खुसपट काढू नकोस, नोनी. मी कंपनीला आभाराचं पत्रसुद्धा पाठवलंय."

"आभार कशाचे, गाढवा?"

तो तोवर पुढे चालू लागला होता.

लाकडाच्या लॉऱ्यांनी उकरलेल्या रस्त्याने आम्ही चढू लागलो. दोन्ही बाजूंना स्प्रूसची झाडे इतकी दाट, की आत ना गवत ना पाखरू. तोडलेल्या पट्ट्यात नुसते खुंट आणि चिखल. नोनीचा गुडघा दुखत होता, पण तोंड चालूच होते. पाटीवाल्यांपासून फिंटनच्या आजोबांपर्यंत तिने सगळ्यांचा उद्धार केला.

झाडे संपून हेदर सुरू होते, तिथे कंपनीने टेबल मांडले होते. पिवळे जाकीट घातलेला कॉर्मॅक नावाचा तरुण अधिकारी प्रत्येकाच्या मनगटाला हिरवी फीत बांधत होता. फितीवर छापले होते: 'कंपनीचे पाहुणे'. आणि आमची माणसे हात पुढे करून "थँक्यू हं, थँक्यू" म्हणत होती! मेंढ्यासुद्धा खुणेचा रंग लावून घेताना एवढ्या खूश नसतात.

"हात द्या, आजी."

"हात देणार नाही आणि मी तुझी आजीही नाही. बाजूला हो."

"फक्त फीत तर आहे."

"मग तूच बांध. पाहुणा तू आहेस."

मागे रांग खोळंबली. "नोनी, लाज आणू नकोस," फिंटन कुजबुजला. ती टेबलाला वळसा घालून सरळ हेदरमध्ये शिरली. कॉर्मॅकने हात झटकले. "बरं, जा बाई. माझी परवानगी आहे."

नोनी थांबली. दुखरा गुडघा सांभाळत परत खाली आली.

"शब्द मागे घे."

"कोणता?"

"परवानगी. मागितली होती का मी? आता म्हण, जाऊ नका."

"पण तुम्हाला जायचंय ना?"

"जाणारच आहे. तू आधी नाही म्हण."

त्याने फिंटनकडे पाहिले. फिंटन स्वतःच्या फितीकडे बघत राहिला.

"नाही," कॉर्मॅक शेवटी वैतागून ओरडला, "तुम्हाला वर जाता येणार नाही! झालं समाधान?"

"झालं," नोनी म्हणाली आणि वर निघाली.

माझी पाळी आली. मी हात पाठीमागे घेतले. "मलाही नाही म्हण रे," मी म्हटले. माझ्यामागे टूल नावाचा आमचा खाटीक होता. त्याने टेबलावरची एक फीत उचलून दातांनी तोडली. "मला जरा मोठ्याने म्हण, मला कमी ऐकू येतं." मग सगळी रांगच ओरडू लागली. कॉर्मॅकचा घसा बसेपर्यंत आम्ही एकेक जण नकार घेऊन हेदरमध्ये शिरत होतो.

नोनी तोवर बरीच वर पोचली होती. फळे वेचायला तिला वाकता येईना, म्हणून एका दगडावर बसून ती आम्हाला हुकूम सोडत होती.

फिंटन मात्र फीत बांधूनच वर आला, आणि आम्ही शिदोरी सोडून बसलो तेव्हा पावाचा घास तोंडात असतानाच कंपनीचे आभार मानायला उभा राहिला.

"खाली बस," नोनी म्हणाली.

तो बसला.