पाण्यामागे गेलेली पट्टी

कल्पना करा, सकाळचे आठ वाजलेत आणि तुम्ही पूर्णेच्या पात्रात उतरला आहात. पाण्यात आकडे रंगवलेली लोखंडी पट्टी उभी आहे. पाणी हलतं, आकडा दिसतो, पुन्हा बुडतो. पाणी स्थिरावेपर्यंत थांबायचं, आकडा धरायचा, वहीत लिहायचा. वहीत तीनच रकाने: तारीख, वेळ, पातळी. पावसाळ्यात दर तासाला यायचं. असं बावीस वर्षं.

केदारखेड्याच्या म्हस्कूमामांनी हे केलं. १९८१ साली पाटबंधारे खात्याच्या लोकांनी पट्टी बसवली, तेव्हा त्यांना नदीजवळ राहणारा, आकडे वाचता येणारा माणूस हवा होता. मामा चौथी शिकलेले. घरची मेंढरं नुकतीच विकलेली. मुलीच्या लग्नादिवशीही ते आधी नदीवर जाऊन आले, मग मांडवात उभे राहिले.

पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरातून येते. मामांच्या लहानपणी ती होळीनंतरही वाहायची. पुढे वरच्या अंगाला बंधारे झाले, विहिरी खोल गेल्या, पात्रातली वाळू ट्रॅक्टरनं जाऊ लागली. "नदी खाली बसून राह्यली," असं मामा पारावर सांगायचे. वाळूचे ट्रॅक्टर चालवणारा साहेबराव हसायचा, "मामा, नदी काय म्हैस हाय व्हय, बसायला?"

"हास, हास. माझ्या वह्या सांगतील एक दिवस."

२००३ च्या मे महिन्यात त्या वह्या बघायला मी गेलो. डोंगरातल्या नद्यांचं वाहणं वीसेक वर्षांत किती बदललं, याचा अभ्यास चालला होता. मी नुकताच इंजिनिअर झालो होतो. मामी, म्हणजे द्वारकाबाई, यांनी पेटीतून वह्या काढून सतरंजीवर मांडल्या. मामा धुतलेला सदरा घालून शेजारी बसले.

वह्या चाळून मी गोंधळलो. १९८६ च्या एप्रिलमध्ये वीस सेंटीमीटर पाणी, २००२ च्या एप्रिलमध्ये अठरा. वह्यांप्रमाणे नदी खाली गेलीच नव्हती.

मी पात्रात जाऊन पट्टीचा शून्य तपासला. जवळच्या पुलाच्या खांबावर पट्टी बसवतानाची उंचीची खूण होती. त्या हिशेबानं शून्य जिथं हवा, त्याच्या एक मीटर चाळीस सेंटीमीटर खाली निघाला.

"मामा, पट्टी हलवली होती का?"

"हलवली की! सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पाणी पट्टी सोडून बाजूला गेल्तं. पट्टी कोरड्या वाळूत. मंग पहारीनं उपटली अन् पाण्यात नेऊन ठोकली. तव्हापासून पाणी जाईल तिकडं नेतो."

"ह्यांची मेंढरं गेली, आता नदी वळून राह्यले," मामी म्हणाल्या. "पाणी पुढं अन् हे पट्टी घेऊन मागं."

मामा हसले. मी हसलो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

सांगणं भाग होतं. पट्टी एका जागी राहिली तरच नदी किती उतरली ते कळतं, मी म्हणालो. ती पाण्याबरोबर खाली गेली, म्हणून वहीत नदी जागच्या जागी दिसते. कोणत्या वर्षी किती खाली ठोकली ते आठवलं तर काही करता येईल.

"कधी हातभर, कधी दीड हात. ते कोण मोजतंय?" मग वह्यांकडे बघत मामा म्हणाले, "म्हंजी साहेबराव बराबर?"

"नाही मामा, तुम्हीच बरोबर. पण वही..."

"वही त्याच्याकडून बोलून राह्यली."

पहिल्या सहा वर्षांच्या वह्या मी घेतल्या. उरलेल्या सोळा मामींनी पेटीत परत ठेवल्या. मामांनी हात लावला नाही.

तरी ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. जालन्याची बस दिसू लागली तेव्हा त्यांनी माझा दंड धरला.

"साहेब, पट्टी कोरडी व्हती. तुमच्या हिशोबानं म्या त्या दिवशी शून्य लिहायला पाह्यजे व्हतं ना?"

"हो."

"पण पाणी तर व्हतं. बायका धुणं धूत व्हत्या, म्या सवता घोट्याइतक्या पाण्यात उभा व्हतो. शून्य लिहिणं म्हंजी लबाडी झाली असती. मंग तुम्हीच सांगा, ते पाणी म्या कुठं लिहायचं व्हतं?"