टाकीवरचा नारळ

"टाकी ठेवणं येगळं आन् टाकी बसवणं येगळं." नरसिंगनं हे आयुष्यात किती गाढवांपुढं म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. ऐकलं एकानंही नाही. मग तो चिडायचा, पाना आपटायचा, आणि लोक म्हणायचे, याचं डोकंच फिरलंय.

का फिरू नये हो? बसवकल्याणकडचा हा माणूस. घरच्यांनी छप्पन साली धम्म घेतला, त्याच वर्षी जन्मलेला. नाव मात्र आजीनं आधीच ठरवून ठेवलेलं, ते तसंच राहिलं. नववीतून शाळा सुटली आणि हैद्राबादेत एका शेडमध्ये फायबरच्या टाक्या बनवायला लागला. काचेचं कापड, त्यावर उग्र वासाची राळ, पुन्हा कापड, पुन्हा राळ. दहा वर्षं त्या काचेची कुसळं त्याच्या अंगात घुसत राहिली. बायको सुमनबाई म्हणायची, "तुमचा सदरा धुतला की माझेबी हात खाजायलेत बघा." पुढं बीदरच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले, तेव्हा तो टाक्या बसवणारा मिस्त्री होऊन परतला.

काम कसं करायचा ते बघण्यासारखं होतं. काँक्रीटचा ओटा वाळला की गुडघ्यावर बसून सगळ्या ओट्यावरून तळहात फिरवायचा. हरभऱ्याएवढा खडा जरी हाताला लागला तरी गवंड्याची आई-माई काढायचा. रिकामी टाकी खड्यावर गुमान बसते. भरली की तोच खडा तिच्या बुडात घुसतो. उचलायची ती पट्ट्यांनी, साखळीनं नाही. पंपाची थरथर टाकीला लागू नये म्हणून मधे रबराचा जोड. आणि शेवटी काठोकाठ पाणी भरून एक दिवस नुसतं बघत बसायचं.

सत्त्याऐंशी साली एका औषधाच्या कारखान्यात दहा हजार लिटरची टाकी आली, तेजाबाची, म्हणजे अॅसिडची. ठेकेदार होता रेवणसिद्धप्पा. नरसिंगनं चार दिवस खपून टाकी बसवली, अशी की ओळंब्याला लाज वाटावी! टाकीखालच्या मोरीपाशी गुरुबाई दिवसभर बाटल्या धुवायची, अनवाणी. नरसिंग तिला म्हणाला, "अक्का, पायात काहीतर घाल की." ती म्हणाली, "टाकी तू बसवलास न्हवं? मग मला कशाची भीती?" हे त्याला फार लागलं. आतल्या आत सुखावलाही.

दुपारी तो भाकरी खायला गेला. परत येतो तर टाकीला झेंडूचा हार, हळदी-कुंकू, उदबत्त्या, आणि समोर रेवणसिद्धप्पा हातात नारळ घेऊन. नव्या मोटारीला, नव्या पंपाला नारळ फोडतात, तसा टाकीलाही फोडायचा. पण फोडायचा कुठं? टाकीच्याच पोटावर! पहिला तडाखा घातला. फायबरच ते, दबलं आणि नारळ परत उडवून दिला. लोक हसले. अप्पाला राग आला. दुसरा घातला. तिसरा तर दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन. नारळ फुटला आणि टाळ्या पडल्या.

"अप्पा! काय करायलात हे!" नरसिंग ओरडतच धावला. "आतून तडकली असंल ती!"

मॅनेजरसाहेबांनी टाकीवरून हात फिरवला. "कुठं आहे तडा? ओरखडासुद्धा नाही."

"भायेरून दिसत न्हाई साहेब. आत तड्यांची चांदणी पडती. तेजाब त्या चांदणीतून काचेत शिरतं, काच खातं, आन् महिन्या-दोन महिन्यानं टाकी एकदम उकलती. खाली ही बाई बसायलीय! पाणी भरून बघू. उद्यापस्तर."

"तेजाबाचा टँकर सकाळपासून फाटकात उभा आहे," साहेब म्हणाले. "टाकी नीट बसवली म्हणून इथं सही कर."

"न्हाई करत."

तेव्हा रेवणसिद्धप्पा बोलला. हळदीचे हात धोतराला पुसत, हसत हसत बोलला. "साहेब, ह्येचं दुखणं येगळं हाय. तुमी लोकांनी देव सोडला नरसिंग, तुमची मर्जी. आमच्या नारळानं तुला कामून झोंबायलं?"

नरसिंगच्या कानशिलात जाळ झाला. दहा वर्षांची काच, चार दिवसांची मेहनत, सगळं एका वाक्यात मातीत. याच्या तोंडून देवाचा द सुद्धा निघाला नव्हता! त्याच्या हातानं शिकलेलं कुणाला दिसतच नव्हतं. दिसत होती ती फक्त त्याची जात.

त्यानं छिन्नी-हातोडा उचलला आणि वरच्या झाकणातून आत उतरला. ऊन टाकीच्या अंगातून झिरपत होतं, आणि त्या उजेडात त्याला ती दिसली: पंज्याएवढी चांदणी, सहा फाटे फुटलेली. आता खरं तर त्यानं साहेबाला हाक मारून ती दाखवायला हवी होती. पण डोकं ठिकाणावर असेल तर ना! "भरा आता! बघतोच कशी भरताव!" म्हणत त्यानं चांदणीच्या मधोमध छिन्नी लावली आणि घाव घातला. घालतच राहिला. शेवटी छिन्नी आरपार निघाली.

मग साहेब शिडी चढले, आत डोकावले. आत चांदणी नव्हती, भोक होतं.

"बघा," रेवणसिद्धप्पा खालून म्हणाला, "फोडली का न्हाई यानं?"

टँकर परत गेला. नरसिंगला फाटकाबाहेर काढलं, आणि बीदरपासून गुलबर्ग्यापर्यंत त्याचं नाव झालं: नारळ खपला नाही म्हणून टाकी फोडणारा. त्या ठेकेदारीत पुन्हा कुणी त्याला उभं केलं नाही.

महिनाभरानं बसवकल्याणच्या बाजारात गुरुबाई भेटली. पायात अजूनही काही नव्हतं. पाय मात्र धड होते. ती थांबली आणि भर बाजारात त्याला बोलली. "एवढा शहाणा माणूस तू, आन् देवाचा नारळ सोसला न्हाई व्हय रं तुला?"

नरसिंग तिच्या पायांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "न्हाई अक्का. टाकीलाबी न्हाई सोसला."