समोरच्या दारातलं माहेर

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी कॉलेजात होते आणि आपल्या बोलण्याने माणसं बदलतात असा माझा ठाम समज होता. त्याच जोरावर वडगावातल्या आमच्या गल्लीत मी घरोघर रक्त मागत फिरले. वहिनी दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिल्या खेपेला बाळ गेलं आणि तिचंही इतकं रक्त वाहिलं की ती जेमतेम हाती लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "हिचा रक्तगट फार थोड्यांचा असतो. जुळणारं माणूस आत्ताच शोधा आणि दिवस भरेपर्यंत नजरेआड होऊ देऊ नका." घरात कुणाचाच जुळला नाही.

गल्लीत सगळे हातमागवाले. माझं भाषण ते माग न थांबवता ऐकत. रक्त दिलं की मनगट ढिलं पडतं आणि मग मागावर सूत घेऊन धावणारा धोटा फेकता येत नाही, अशी त्यांची खात्री. तरी वहिनीकडे बघून काही जण बोट टोचून घ्यायला आले, आणि जुळला तो नेमका समोरच्या घरातला गडी. तालमीत कमावलेलं अंग, पिळदार मिशा, आणि बोटाला सुई लागताच बाकावर आडवा. "देतो की," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी खानापूरला सासुरवाडीला पसार. भातकापणीला गेला म्हणे. जन्मात विळा न धरलेला माणूस!

दादाने त्याची समजूत घालून त्याला परत आणलं. आईने शेंगदाण्याचे लाडू चारले. मी माणुसकीवर बोलले. लाडू संपले तशी त्याची नजर पुन्हा बसस्टँडकडे वळली.

"माणुसकीला कोण बांधून राहतंय गं?" आई मला म्हणाली. "दिवाळी आलीया. तुझ्या वहिनीकडनं त्याला ओवाळून घेऊया. शेजाऱ्याला पळता येतं, भावाला न्हाय."

वहिनीला आईबाप नव्हते, भाऊ नव्हता. उचगावच्या मामांनी तिला वाढवलेलं. भाऊबीजेला तिने त्याला पाटावर बसवून ओवाळलं.  त्याने स्वतःच्या मागावरची हिरवी साडी ताटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो आणि त्याची बायको आमच्या दारात उभे.

"भणीला न्यायला आलोय."

"कुठं रं?" आई म्हणाली.

"म्हायारी. बाळंतपण म्हायारीच हुतंय न्हवं?"

"दुसरं सासरीच असतंय."

"पयलं तरी कुठं म्हायारी झालंय, आक्का?"

 वहिनी ट्रंक घेऊन दोन घरांमधलं गटार ओलांडून माहेरी गेली. दादाला बायकोला भेटायचं तर जावई म्हणून तक्क्याला टेकून बसावं लागे आणि नको असला तरी चहा प्यावा लागे. आई उंबऱ्यावरून सगळं बघत धुसफुसायची. वहिनी मात्र दुपारची झोपायची आणि उठून त्याच्या बायकोला सांगायची, "आज भाकरी नको गं, आंबोळ्या कर." आमच्या घरात तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्याचं मला तेव्हा पहिल्यांदाच वाईट वाटलं.

दिवस भरले तसा हा गडी दवाखान्यात बाही वर सारून, डोळे गच्च मिटून बसला. मुलगी झाली. सगळं सुखरूप झालं, रक्ताची गरजच पडली नाही.

"सुटलास रं बाबा," आई म्हणाली.

त्याचं तोंड उतरलं. "लागलंच न्हाय? मग मी भणीला दिलं काय?"

डॉक्टर हसले. म्हणाले, रक्त ठेवून घेता येईल, कुणा ना कुणाला लागतंच. तो आडवा झाला. भिंतीकडे तोंड करून त्याने विचारलं, "कुणाला देणार?"

"ते आत्ताच कसं सांगणार? असेल कुणी अडलेली बाई."

"तिलाबी भाऊ नसंल," तो म्हणाला आणि हात पुढे केला. पुढे बोलावणं आलं की तो जायचा. भीती काही गेली नाही, दर वेळी डोळे मिटलेलेच असायचे. धोटा मात्र पूर्वीसारखाच चालला.

वहिनी बाळाला घेऊन गल्लीत आली तेव्हा आई आमच्या दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. वहिनी रिक्षातून उतरली, आमच्या दाराकडे बघून थांबली आणि हळूच आईला म्हणाली, "आत्या, आधी म्हायारी जाऊ?"

 आई भाकरतुकडा सांभाळत गटार ओलांडून गेली आणि समोरच्या उंबऱ्यावर तिने दोघींची दृष्ट काढली.