तिसरा हात

जगदेवच्या वावरात सोयाबीनच्या कुटाराच्या ढिगावर एक फ्लेक्स अंथरलेला असतो. त्यात नवल काही नाही. सत्कार आटोपला, मंडप उतरला की गावोगावचे बॅनर शेवटी ढोरांच्या वैरणीवरच जातात. पुढाऱ्यांची हसरी तोंडं कुटार झाकत उरलेलं आयुष्य काढतात, आणि निदान तेवढं तरी काम त्यांच्या हातून होतं. जगदेव मात्र आपला फ्लेक्स कायम उलटा अंथरतो, पांढरी बाजू वर करून. सुलट बाजूला त्याची राखी चकचकीत थाळा धरून उभी आहे, आणि त्या थाळ्यावर हात तीन आहेत.

केनवडजवळच्या त्या लहानशा गावात टेनिस आणलं लखीराम सरांनी. शाळेमागच्या मुरुमाच्या पटांगणावर फक्कीच्या रेघा मारल्या, व्हॉलीबॉलची जुनी जाळी खाली उतरवून बांधली आणि पोरींच्या हाती रॅकेट दिल्या. गाव पोट धरून हसलं. पण दोन पोरी त्या खेळाला चिकटल्या त्या चिकटल्याच. एक जगदेवची राखी, डावखुरी. दुसरी बौद्धवाड्यातली धम्मदीपा.

जगदेवकडे थोडंसं वावर आणि भाजीपाला वाहायचा ऑटो. रिसोड-वाशिमच्या बाजाराला निघाला की भाजीच्या कॅरेटांमध्ये या दोघी बसलेल्या असायच्या, कारण खरं मैदान वाशिमला. धम्मदीपा त्याला काका म्हणे. त्याच्या डब्यातली भाकर दोघी वाटून खायच्या आणि त्याला अर्धपोटी ठेवायच्या. तो लटका रागवायचा, पण पंचफुलाला, म्हणजे बायकोला, उद्या दोन भाकरी जास्त टाक म्हणून सांगायचा.

एकेकटीच्या खेळात दोघीही बेताच्याच होत्या. जोडीनं उभ्या राहिल्या की मात्र रंग वेगळा. दोघींच्या मधून बॉल आला की भल्याभल्या जोड्या एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहतात. या दोघींचं ठरलेलं होतं, मधला बॉल राखीचा. धम्मदीपा तो डोळे झाकून सोडून द्यायची, आणि राखीचा डावा हात तिथं पोचलेला असायचाच.

असं करत करत काही वर्षांपूर्वी नागपूरच्या व्यावसायिक स्पर्धेत महिला दुहेरीत दोघींना थेट प्रवेश मिळाला. तिथं परदेशातल्याही पोरी आलेल्या. एक सामना समोरचीचा पाय मुरगळल्यामुळे पदरात पडला, बाकीचे घाम गाळून जिंकले. अंतिम सामना हरल्या. पण उपविजेत्यांचा थाळा दोघींनी मिळून धरला, आणि तो फोटो पाहता पाहता गावच्या प्रत्येक मोबाइलवर जाऊन बसला.

गाव करील ते राव काय करील! ज्या खेळात पॉइंट कसे मोजतात हे कोणाच्या बापाला ठाऊक नव्हतं, त्या खेळासाठी उघडी जीप आली, बँड ठरला. सगळी सूत्रं गावचा पुढारी फुलचंद याच्याकडे. तो जगदेवला म्हणाला, "रिसोडले जाऊन राह्यला ना? मंग येता येता बॅनर घेऊन ये."

दुकानदारानं फ्लेक्स जमिनीवर उलगडला. राखीचं तोंड केवढं तरी मोठं, वर फुलचंद हात जोडून. धम्मदीपा नव्हती. थाळ्याच्या कडेला तिचा एक हात तेवढा मनगटापर्यंत राहिलेला, अंगठ्याला पांढरी पट्टी गुंडाळलेला.

"दुसरी कोठी गेली?" जगदेवनं विचारलं.

"फुलचंदभाऊनं काढाले सांगतली. हात काही निघेना, थाळाच खराब होऊन राह्यला व्हता. राहू द्या, हाताकडे कोन पायते?"

का काढली, हे जगदेवनं विचारलं नाही. कोणती पोर कोणत्या वस्तीतली, हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

"पुन्हा छापून दे" एवढंच म्हणायचं होतं. अर्ध्या तासाचं काम. पुढं तो स्वतःला सांगत राहिला की फुलचंदशी वैर कोण घेणार, वावराची वाट त्याच्याच धुऱ्यावरून जाते. तेही खरं आहे, पण पुरतं खरं नाही. पुरतं खरं हे, की एवढ्या मोठ्या बॅनरवर एकट्या राखीला पाहून जगदेवची छाती फुगली होती. त्याला तो फोटो आवडला होता. त्याला लाज वाटते ती याची.

दुसऱ्या दिवशी दोघी पोरी हसत-खिदळत एसटीतून फाट्यावर उतरल्या. बँड सुरू झाला. धम्मदीपानं मान वर करून बॅनर पाहिला, मग आपल्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. ती जगदेवजवळ आली.

"काका, हात तरी कायले ठेवला मंग?"

आवाज चढवला नव्हता. तिनं बॅग खांद्याला अडकवली आणि वस्तीची वाट धरली.

राखी जीपवर चढलीच नाही. घरी येऊन तिनं आईला विचारलं, "बॅनर आनाले कोन गेलतं?"

"तुहे बाबा," पंचफुला म्हणाली.

राखीनं बापाकडे फक्त पाहिलं आणि तशीच धम्मदीपाकडे गेली. धम्मदीपानं तिला चहा दिला. "तुह्यावर राग नाही," ती म्हणाली. "पन तुह्या बाजूनं उभी राह्यली का मले तो बॅनरच दिसन."

जोडी तिथंच मोडली. धम्मदीपा पुण्याला गेली, दुसरी जोडीदारीण शोधून खेळत राहिली. राखीनंही दोघी-तिघींबरोबर खेळून पाहिलं, पण मधल्या बॉलवर रॅकेटला रॅकेट लागायची. आता ती वाशिमला एका शाळेत खेळाची मॅडम आहे. रविवारी घरी येते, आईशी पोटभर बोलते, बापाला जेवण झालं का एवढं विचारते.

परवाच्या रविवारी जगदेव अंगणात मोबाइल घेऊन बसला होता. धम्मदीपाचा सामना कुठं दाखवतात हे तो शोधून ठेवतो आणि चोरून पाहतो. बॅनरवरची जागा एका मिनिटात रिकामी करता येते. मैदानावर तसं नसतं, गेलेलीच्या जागी कोणीतरी उभं राहतंच. राखीच्या जागी एक उंच पोर उभी होती.

राखी चहा घेऊन आली आणि त्याच्या मागं थबकली. तेवढ्यात बॉल दोघींच्या मधून आला. धम्मदीपानं तो सोडून दिला, पूर्वी सोडायची तसा. उंच पोरही जागची हलली नाही. बॉल मधून निघून गेला आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

जगदेवच्या खांद्यावर गरम चहा सांडला. राखीचा डावा हात कपासकट पुढं आला होता.

"तो माहा व्हता," राखी म्हणाली.

जगदेव मोबाइलकडेच पाहत राहिला. मागं वळून पोरीकडे पाहायची त्याची छाती झाली नाही.